वळसा परवडतो

बॉनेट उघडा. जुन्या व्होल्वो २४०चं बॉनेट हवं तर पार सरळ उभं राहतं, त्याला दांडीचा टेकू लागत नाही. ते तसं उभं करा आणि दोन पावलं मागे या. हातात पान्हा नको, टेप नको, मार्करसुद्धा नको. आज काहीही बसवायचं नाही. इंटरकूलरचे पाइप कुठून न्यायचे याचा नुसता विचार करायचा आहे. गाडी रात्रभर उभी असेल तर उत्तम. गार इंजिनापुढे माणूस निवांत उभा राहू शकतो.

गाडी १९८२ सालची २४० टर्बो आहे असं धरू. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या कंपनीची ही चौकोनी, जाड दारांची, घरच्या माणसांसाठी केलेली गाडी. २४०ची मालिका १९७४ साली सुरू झाली ती १९९३पर्यंत चालली, आणि त्या काळात २८ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. टर्बो तिच्यात १९८१च्या मॉडेलपासून आला. २१२७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, त्याला गॅरेटचा टी-थ्री टर्बो, युरोपात १५५ अश्वशक्ती. इंटरकूलर मात्र नव्हता. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टर्बोला तो १९८४च्या मध्यापासून कारखान्यातूनच बसून येऊ लागला, आणि त्या बदलासोबत तिथल्या इंजिनाचा आकडा १२७ वरून १६२ अश्वशक्तीवर गेला. म्हणजे आपण या गाडीवर काही परकं लादत नाही. नंतरच्या गाड्यांना जे मिळालं तेच हिला उशिरा देतो आहोत. फक्त ती घडवताना पुढच्या पत्र्यात या पाइपांसाठी जागा ठेवलेली नव्हती, आणि आपलं सगळं काम त्या न ठेवलेल्या जागेशी आहे.

आता रेडिएटरपासून मागच्या पत्र्यापर्यंत नजर सावकाश न्या. इंजिन लांबीत बसवलेलं आहे. सीटवर बसून पाहिलं तर त्याच्या उजव्या कुशीला एक्झॉस्ट आणि टर्बो, डाव्या कुशीला इनटेक मॅनिफोल्ड. पुढे पंखा, त्यापुढे रेडिएटर. डावीकडे पुढच्या कोपऱ्यात बॅटरी. आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की प्लास्टिकच्या झाकणांखेरीज काही दिसत नाही. इथे जमीन दिसते. इंजिन आणि बाजूचा पत्रा यांच्यामध्ये हात सहज आत जातो. रेडिएटर आणि पुढची जाळी यांच्यातही फट आहे. हे पाहिल्यावर मनात पहिलं वाक्य येतं ते असं: ‘अरे, इथून तर पाइप सहज जाईल.’

हे वाक्य येऊ द्या. त्याच्याशी भांडू नका, पण त्याच्यावर विश्वासही ठेवू नका. मला या सगळ्या कामात महत्त्वाची वाटते ती एवढीच गोष्ट: बॉनेटखाली मोकळी दिसणारी जागा बहुतेक वेळा मोकळी नसते. तिथे आत्ता कोणी नाही, इतकंच. कोणीतरी तिथून जातं-येतं. ते कोण, हे कळेपर्यंत पाइप कापायचा नाही.

पण त्याआधी हवेबरोबर एकदा चालून येऊ, म्हणजे कशासाठी हा खटाटोप ते हातापायांत मुरेल.

हवा जाळीतून आत येते, फिल्टर ओलांडते आणि एका गोल थाळीला उचलते. ही थाळी बॉशच्या के-जेट्रॉनिक यंत्रणेची. हवा जितकी जास्त तितकी थाळी वर, आणि थाळी जितकी वर तितकं पेट्रोल जास्त. कुठे संगणक नाही, सगळा हिशोब तरफेचा. तिथून हवा टर्बोच्या कॉम्प्रेसरमध्ये शिरते, दाबली जाते, आणि एका पाइपातून इंजिनाच्या पुढून आडवी पलीकडच्या कुशीला थ्रॉटलपर्यंत जाते. जन्माला आली तेव्हा या गाडीत हवेचा रस्ता इतकाच होता, आखूड आणि सरळ.

अडचण दाबण्यात आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं हे आपण सगळ्यांनी बोटांनी पाहिलेलं आहे. टर्बोत तेच होतं, फक्त थांबा न घेता. बाहेर ३० अंश सेल्सियस आहे असं धरा. टर्बोने हवा वातावरणाच्या १.६ पट दाबली, म्हणजे ०.६ बार बूस्ट. कॉम्प्रेसर अगदी आदर्श असता तरी हवा ७३-७४ अंशांवर गेली असती. खरा कॉम्प्रेसर आदर्श नसतो. ७० टक्के कार्यक्षमता धरली तर ती ९२ अंशांच्या आसपास बाहेर पडते. हीच गाडी मे महिन्यात चंद्रपूरच्या ४५ अंशांत चालवली असती तर तो आकडा ११०च्या घरात गेला असता. चहाच्या आधणापेक्षा तापलेली हवा आपण इंजिनाला प्यायला देतो. ती पसरलेली असते, त्यामुळे दाबून जे कमावलं त्यातला मोठा वाटा तापण्यात जातो. शिवाय तापलेल्या हवेत मिश्रण वेळेआधी पेटून नॉकिंग होण्याचा धोका वाढतो. या इंजिनाचं कॉम्प्रेशन ७.५ इतकं खाली ठेवलं होतं ते बरंचसं त्या भीतीनेच.

इंटरकूलर ही भीती कमी करतो. टाटाच्या काही गाड्यांच्या मागच्या दारावर ‘टीसीआयसी’ ही अक्षरं महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर आपण कितीदा वाचली असतील. त्यातली शेवटची दोन याच कामाची. बाहेरच्या वाऱ्यात धरलेल्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांमधून हवा जाते. साधारण ७० टक्के कामाचा इंटरकूलर असेल तर ९२ अंशांची हवा ४९वर येते. तेवढ्याने तिची घनता सुमारे १३ टक्क्यांनी वाढते. हा १३चा आकडा लक्षात ठेवा. आपण जे कमवायला निघालोय ते हे, आणि पाइपांच्या वाटेत जे सांडेल ते यातूनच वजा होणार.

इथे थोडा वेळ थांबू. डोळे मिटून तो नवा रस्ता मनात आखून पाहा. उजव्या कुशीला टर्बो. तिथून हवा पुढे निघाली, रेडिएटरच्या उजव्या कडेने बाहेर पडली. जाळीमागच्या इंटरकूलरमध्ये उजवीकडून शिरली, डावीकडून निघाली. रेडिएटरच्या डाव्या कडेने पुन्हा आत आली, बॅटरीशेजारून थ्रॉटलपर्यंत पोचली. पूर्वी हातभर अंतर होतं, आता जवळजवळ दोन मीटर.

सगळ्यांनी असा वळसा घेतला नाही. १९७८ साली ३.३ लिटरच्या पोर्शे ९११ टर्बोला इंटरकूलर मिळाला तो थेट इंजिनाच्या डोक्यावर, मागच्या रुंद पंखाखाली. पाइप आखूड, पण त्यासाठी पंखाचाच आकार बदलावा लागला. १९८०च्या ऑडी क्वाट्रोने तो पुढे ठेवला. प्रत्येकाने कुठे ना कुठे किंमत मोजली. आपल्या व्होल्वोत डोक्यावर जागा नाही आणि पुढे वारा भरपूर आहे, म्हणून पुढेच.

दोन मीटर म्हटलं की पोटात गोळा येतो. टर्बो आधीच आळशी, त्यात एवढी लांब नळी भरायला किती वेळ लागेल? ही भीती मी जाणत्या मेस्त्रींच्या तोंडूनही ऐकली आहे. म्हणून हिशोबच करू. सव्वादोन इंची, म्हणजे बाहेरून ५७ मिलिमीटरचा पाइप घ्या. दोन मीटर लांबीत त्याच्या आत सुमारे ४.६ लिटर हवा मावते. तिचा दाब ०.६ बारने चढवायला वातावरणातली आणखी पावणेतीन लिटर हवा भरावी लागते. हे इंजिन ३००० फेऱ्यांवर सेकंदाला पन्नास लिटरांहून जास्त हवा ओढतं. म्हणजे ही भरणी सेकंदाच्या पाच-सहा शतांशांत होते. इंटरकूलरचं पोट धरलं तरी एक दशांश सेकंदाच्या आसपास. त्या काळच्या टर्बोचं चाक स्वतः वेग घ्यायला जेवढा वेळ घेतं, त्यापुढे हे काहीच नाही.

दुसरी भीती वळणांची. प्रत्येक वळणावर दाब कमी होतो, हे खरंच आहे. किती, ते पाहा. पूर्ण ताकदीवर या इंजिनाला सेकंदाला साधारण १२० ग्रॅम हवा लागते. सव्वादोन इंची पाइपात ती सेकंदाला ३० मीटर वेगाने जाते, आणि हा वेग काही फार नव्हे. मँड्रेलवर वाकवलेल्या, पोट न चेपलेल्या गोल वळणावर ०.००३ बारसुद्धा जात नाही. अशी चार वळणं घेतली तरी ०.०१ बार. पाइपाच्या वाटेत खरा दाब जातो तो चेपलेल्या कोपऱ्यात, एकदम अरुंद होणाऱ्या जोडात, आतल्या बाजूला आलेल्या वेल्डिंगच्या ओठात आणि इंटरकूलर हलक्या प्रतीचा असेल तर त्याच्या पापुद्र्यांत. तिथे ०.१ बार गेला तर १.६ मधले सहा टक्के गेले, आणि आपल्या तेरातले जवळजवळ निम्मे. तीन इंची पाइप घालून मिरवण्याचा मोहही इथेच सोडून द्यावा. या ताकदीला त्याचा उपयोग शून्य, आणि जागा मात्र तो दामदुप्पट खातो.

हे आकडे मी मुद्दाम सावकाश मांडतो आहे, कारण त्यांनी मन मोकळं होतं. लांबी स्वस्त आहे. गोल वळण स्वस्त आहे. वळसा परवडतो. मग चुकीच्या जागेतून घुसून चार बोटं वाचवायची गरज उरत नाही, आणि तुम्ही खऱ्या प्रश्नाकडे वळू शकता: ही जागा कोणाची?

आता पुन्हा इंजिनाकडे पाहा. ते स्थिर दिसतं. त्याचं सगळं वजन रबरी माउंटवर टेकलेलं आहे. मनातल्या मनात ते सुरू करा, गियर टाका, क्लच सोडून जोरात निघा. मागे चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टला जेवढा पीळ मिळतो तेवढाच उलटा पीळ इंजिन स्वतः सोसतं आणि एका कुशीवर कलंडतं. एक बाजू उठते, दुसरी बसते. पाय उचलला की परत येतं, जरा पलीकडेही जातं. चाळीस वर्षांच्या थकलेल्या माउंटवर हे हलणं कितीतरी वाढतं. म्हणून माउंट आधी बदलावे आणि मापं मग घ्यावी. उलटं केलं तर घेतलेलं प्रत्येक माप खोटं ठरतं. प्रत्यक्ष बघायचं असेल तर एक माणूस आत बसवा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलवर इंजिन सुरू करून एकदा झटकन रेस द्यायला सांगा, आणि तुम्ही बाजूला, पट्टे आणि पंख्यापासून लांब उभे राहा. बाह्या दुमडलेल्या असू द्या. नजर टर्बोच्या तोंडावर ठेवा आणि त्यामागे पत्र्यावरचा एखादा स्क्रू खुणेला धरा. त्या दोघांमधलं अंतर बदलताना दिसेल.

जे तुम्ही आत्ता पाहिलंत ती त्या मोकळ्या जागेची पहिली मालकी. इंजिन तिथे राहत नाही, पण तिथे येऊन जातं. टर्बो इंजिनाबरोबर हलतो, इंटरकूलर गाडीच्या अंगाला जखडलेला असतो. एकाचं तोंड नाचणार, दुसऱ्याचं नाही. दोघांच्या मध्ये नुसता धातूचा पाइप घातला तर तो कुठेतरी तडकेल, नाहीतर जोडातून सुटेल. म्हणून हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या भागांच्या सीमेवर सिलिकॉनची लवचिक होज हवी, आणि ती जराशी लांब, पोटाला एखादी वळी असलेली बरी. हीच सीमा थ्रॉटलच्या बाजूलाही येते. पाइपाचा टेकू, म्हणजे ब्रॅकेट, एकतर पूर्ण इंजिनाला धरावा किंवा पूर्ण अंगाला. एक पाय इंजिनावर आणि एक पत्र्यावर असा टेकू दिला की त्याने पाइप तोडलाच म्हणून समजा.

दुसरी मालकी उष्णतेची. उजव्या कुशीला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आहे. चढावर बराच वेळ जोर दिला तर तो लाल होतो. त्याच्या आजूबाजूला जी हातभर पोकळी दिसते ती रिकामी नाही, तिथून धग निघते आणि वर जाते. गंमत अशी की टर्बोतून निघालेल्या गरम पाइपाला या शेजाराचा फारसा त्रास नाही. ती हवा आधीच नव्वद अंशांवर आहे आणि पुढे गार व्हायलाच निघाली आहे. पाइप सोसेल, होज, ब्रेकची नळी आणि वायरिंग मात्र त्या धगीपासून लांब हवं. खरा सांभाळायचा तो गार पाइप. इंटरकूलरमधून ४९ अंशांवर निघालेली हवा रेडिएटरमागच्या तापल्या झोतातून फिरवून आणली तर आपणच कमावलेलं आपणच परत देतो. पूर्ण वेगात हवा त्या पट्ट्यातून इतक्या चटकन निघून जाते की फारशी तापत नाही, हेही सांगायला हवं. पण सिग्नलला उभ्या गाडीत पाइपाचा धातूच तापून बसतो, आणि निघतानाचा पहिला श्वास गरम मिळतो. म्हणून गार पाइप रेडिएटरच्या कडेने, पत्र्याच्या जवळून न्यावा. सरळ मागच्या बाजूने, पंख्यावरून नेला तर तो आखूड होतो, हे मान्य. पण आखूडपणाची किंमत आपण आत्ताच काढली आहे.

त्या कडेला बॅटरी आहे. तिच्या धन टर्मिनलकडे जरा टक लावून पाहा. ॲल्युमिनियमचा पाइप, हलणारं इंजिन आणि उघडं टर्मिनल एकमेकांच्या इतके जवळ ठेवायचे नाहीत की वर्षभराने रबर झिजल्यावर ते भेटतील. टर्मिनलवर झाकण घाला, आणि पाइप तरीही दोन बोटं लांब ठेवा. बॅटरी वर उचलून काढता येईल इतकी वाट सोडा.

तिसरी मालकी तुमच्या हाताची. ऑइल फिल्टर, पट्ट्याचा ताण, प्लग, दिव्याचा बल्ब. या प्रत्येकापर्यंत हात आत्ता पोचतो का ते एकेक करून बघा. मग डोळ्यांसमोर पाइप ठेवा आणि पुन्हा बघा. फिल्टर बदलण्यासाठी दर वेळी चार क्लॅम्प सोडावे लागले तर दोन वर्षांत फिल्टर बदलणंच लांबणीवर पडेल. टर्बोला तेलाची शुद्धता सगळ्यात आधी लागते. पाइपाच्या वाटेमुळे तेच चुकलं तर सगळं मुसळ केरात.

याच चौकोनी गाडीने १९८५ साली युरोपियन टूरिंग कार चॅम्पियनशिप मिळवली. जानफ्रांको ब्रांकातेल्ली आणि थॉमस लिंडस्ट्रॉम चालवत होते, इंजिनाची ताकद तीनशे अश्वशक्तीच्या घरात होती, इंटरकूलर होता आणि हवेत पाण्याचा फवाराही. लोक तिला उडती वीट म्हणत. त्या गाडीचे फोटो पाहिले की तसेच पाइप घालावेसे वाटतात. पण शर्यतीच्या गाडीतून घरगुती सोयी काढून टाकलेल्या असतात, आणि ती प्रत्येक शर्यतीनंतर उघडली जाते. आपल्या गाडीत हीटर राहणार आहे, मुलं बसणार आहेत, पावसात ती बाजारात उभी राहणार आहे. तिथला रस्ता इथे जसाच्या तसा चालत नाही.

आता हात पुढे करायला हरकत नाही, पण धातू अजून नको. पुठ्ठ्याची नळी, पीव्हीसीचे तुकडे, जुन्या होजचं एखादं वळण घ्या आणि मनात आखलेली वाट प्रत्यक्ष मांडून पाहा. तशीच दोन दिवस राहू द्या. येता-जाता बघा. बघता बघता एक तुकडा चुकीचा वाटू लागतो, आणि का ते नंतर कळतं. बॉनेट लागतं का हे डोळ्यांनी समजत नाही. घरातून कणकेचा घट्टसर गोळा आणा, पाइपाच्या सगळ्यात उंच जागी ठेवा, वर प्लास्टिकचा कागद पसरा आणि बॉनेट हळूच लावून पुन्हा उघडा. गोळा चेपून जेवढा जाड उरला तेवढं अंतर. बोटभर जाड उरला तर ठीक. पापड झाला असेल तर पाइप खाली घ्यावा लागेल, कारण इंजिन उठेल तेव्हा तेवढंही उरणार नाही.

वाट ठरली की जोडांवर मार्करने आरपार एक रेघ मारून ठेवा, दोन्ही तुकड्यांवर येईल अशी. वळणाचा कोन त्या रेघेत साठतो. टेबलावर नेल्यावर तो आठवत नाही.

एक जोड अगदी जवळून पाहू, कारण सगळी वाट शेवटी जोडांवरच टिकते. जुन्या पाइपाचं एक टोक हातात घ्या आणि आतून बोट फिरवा. बोटाला पातळ, काळपट तेल लागेल. इंजिनाच्या पोटातली वाफ या रस्त्याने परत ओढली जाते, तिच्याबरोबर ते येतं. थोडं असणं ठीकच आहे. पण हेच तेल सिलिकॉनच्या होजखाली गेलं की होज घसरते. म्हणून जोडताना दोन्ही अंगं थिनरने पुसून कोरडी करायची. आता टोकाच्या कडेवरून बोट न्या. कड नुसती गुळगुळीत कापलेली असेल तर अजून काम बाकी आहे. टोकापासून थोडं आत, सगळीकडून सारखा उठलेला एक उंचवटा हवा. त्याला बीड म्हणतात. होज त्या उंचवट्याच्या पलीकडे इंचभर चढवायची, आणि क्लॅम्प बीडच्या मागे बसवायचा, वर नव्हे. वर बसवला की पकड एका रेघेपुरती राहते.

एवढं जपायचं कारण साधं आहे. ०.६ बार दाब आणि ५७ मिलिमीटरचं तोंड, यांचा गुणाकार केला तर जोड उघडायला बघणारी ताकद १५ किलोंच्या वर जाते. काटकोनी वळणावर पाइपाला बाहेर ढकलणारा जोर २२ किलोंच्या आसपास. तुम्ही पाय दाबून ठेवाल तेवढा वेळ हा जोर सतत लागलेला असतो. जोडाशेजारी टेकू नसेल तर सगळा भार क्लॅम्पवर येतो.

आणि या जुन्या गाडीत जोड सुटला किंवा नुसता गळला तर ती गप्प बसत नाही. थाळी आठवा. ती टर्बोच्या आधी बसली आहे, हवा तिथेच मोजली गेली आणि पेट्रोल त्या हिशोबाने निघालं. मोजलेली हवा पुढच्या जोडातून निसटली तर पेट्रोल जास्त पडतं, मागे काळा धूर दिसतो. उलट, इंजिन रिकामं फिरताना थ्रॉटलच्या पलीकडे पोकळी असते. तिथल्या फटीतून न मोजलेली हवा आत शिरते आणि आयडलिंग वर-खाली डुलू लागतं. बूस्ट सोडणारा व्हॉल्व्ह बसवायचा असेल तर त्याचं तोंडही बाहेर नको, थाळीनंतर आणि टर्बोच्या आधी परत आत हवं. म्हणून सगळं जोडून झाल्यावर, पहिल्यांदा सुरू करण्याआधी, टर्बोच्या तोंडाला बूच लावून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने अर्धा बार हवा भरा, आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडा. कान जवळ न्या. मोठी गळती ऐकू येते, लहान गळती फेस करते. एखाद्या क्लॅम्पच्या स्क्रूखाली बारीक बुडबुडे एकामागून एक येत राहतात, तिथे पुन्हा खोलून पुसा आणि बसवा.

पत्रा कापण्याबद्दल थोडंच सांगतो. रेडिएटरच्या दोन्ही कडांचा पत्रा कापावा लागतो, तो चालतो. पुढच्या लांब बीमना हात लावू नका. धडकेत तुमचा जीव तेच वाचवतात. कापलेल्या कडेला त्याच दिवशी प्रायमर आणि रंग द्या, आणि कडेवर रबर चढवा. स्वीडनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं आणि उघडा पत्रा एका मोसमात कुजू लागतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत गाडी ठेवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. इंटरकूलरच्या चारी बाजूंच्या फटी स्पंजने बुजवा, नाहीतर वारा पापुद्र्यांतून जाण्याऐवजी बाजूने पळतो. बूस्ट इतक्यात वाढवू नका. आहे त्याच दाबावर गार हवा मिळालेलं इंजिन कसं चालतं ते नीट अनुभवा. चढावर पूर्वी जिथे नॉकिंगची कुणकुण लागायची तिथे आता काय ऐकू येतं, याकडे लक्ष द्या. ज्याला आणखी हवं असेल त्याने नंतर ठरवावं. मला या वयाच्या इंजिनाला तेवढंच पुरे वाटतं.

दोनशे किलोमीटर झाले की गाडी रात्रभर गार होऊ द्या, बॉनेट पुन्हा सरळ उभं करा आणि हातात टॉर्च घ्या. सगळे क्लॅम्प एकदा तपासा. पहिल्या तापण्या-निवण्यात रबर बसतं आणि अर्धी फेरी ढील सापडते. मग पाइपाच्या अंगावरून प्रकाश आडवा फिरवत न्या, टर्बोपासून थ्रॉटलपर्यंत, खालच्या बाजूनेही. कुठेतरी एखादा नाण्याएवढा डाग बाकीच्या पाइपापेक्षा जास्त चकाकत असेल. तिथे काहीतरी घासतं आहे, आणि ती जागा कोणाची होती ते आता कळलं. टेकू सोडा, पाइप अर्धा इंच बाजूला घ्या, घट्ट करा, आणि आणखी दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा बघा.